बुधवारच्या शेवटच्या तासाबद्दल, दहावीच्या पालकांना

दहावी 'अ' आणि 'ब'च्या सर्व पालकांना,

सा. न. वि. वि.

ही चार अक्षरं आता परीक्षेत लिहायची नसतात. नव्या नमुन्यात पत्राला ई-मेलचा पत्ता लागतो, तारीख लागते, विषय लागतो. पण आजी म्हणाली, "मोठ्या माणसांस्नी लिवतीस तर आधी नमस्कार घाल." म्हणून घातला. विषय वर दिलाच आहे.

नोव्हेंबरच्या पालकसभेत तुम्ही एक कागद केलात. बुधवार-शुक्रवारचा खेळाचा तास आणि शनिवारचा वाचनाचा तास बंद करून तिथं बीजगणित आणि विज्ञानाचे जादा तास घ्यावेत, आणि शाळा सुटल्यावर दहावीच्या कुणालाही मैदानावर थांबू देऊ नये. खाली ४१ सह्या. मी तो वाचला कारण ऑफिसातून खडूचा डबा आणायला गेले होते आणि कागद टेबलावर उघडाच होता. सातवी सही माझ्या पप्पांची. ती ओळखायला सोपी आहे. आडनावाचा शेवटचा काना ते खाली ओढत नेतात, ब्रेक उशिरा लागलेल्या ट्रॉलीसारखा.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. सहामाहीत दोन्ही तुकड्यांत मिळून १४ जण बीजगणितात नापास झाले. मला ४० पैकी २३ आहेत, म्हणजे मी फार मोठ्या तोंडानं बोलू शकत नाही. अकरावीला सायन्स घ्यायचं तर तालुक्याला जावं लागणार, एस.टी.चा पास काढायचा की खोली घ्यायची यावर आमच्या घरी आत्तापासून बोलणी चालतात. हे सगळं मला कळतं. तरी त्या कागदात काय गेलं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

परवाच्या बुधवारी गणिताचे सर इलेक्शनच्या ड्यूटीवर होते. मग खेळाच्या तासाच्या जागी ठेवलेल्या गणिताच्या तासाच्या जागी मराठीच्या बाई आल्या. (हे वाक्य मी मुद्दाम असंच ठेवलं आहे, आमचं वेळापत्रक असंच आहे.) बाईंनी धडा काढला तो चंदू बोर्डे यांचा. भारताकडून कसोटी खेळलेल्या माणसानं स्वतःच्या लहानपणाबद्दल, आपण मैदानाकडं कसे ओढले गेलो त्याबद्दल लिहिलेला धडा आहे तो. खिडकीबाहेर आठवीच्या मुली खो-खो खेळत होत्या. "खो" आला की आमच्या रांगेतल्या चौघींची मान एकदम वळायची. बाईंनी तीनदा "इकडं लक्ष" म्हटलं आणि चौथ्यांदा खिडकी लावून घेतली. त्यांचा काही दोष नाही. खिडकीची काच फुटलेली असल्यामुळं आवाज तसाच येत राहिला.

आणखी एक गंमत. आमच्या गुणपत्रिकेत आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयाची श्रेणी असते. ती मिळणारच आणि चांगलीच मिळणार, कारण कुणाची खराब देत नाहीत. म्हणजे नोव्हेंबरपासून मैदानावर पाय न ठेवता आम्ही त्यात पास.

खो-खो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, निदान तसं तुम्हाला वाटतं. सभेत एक काका म्हणाले म्हणे, "उठाबशा काढायचा खेळ, त्यानं काय व्हणार?" काका, तुम्ही एकदा पाटीत, म्हणजे मैदानावर आखलेल्या पट्ट्यात, बसून बघा. आठ जणी बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. पाठलाग करणारी तुमच्या मागून येते. ती तुम्हाला दिसत नाही, तिचे पाय ऐकू येतात. हात पाठीवर पडायच्या आधी अंग उचललं तर फाऊल. आणि एकदा उठून दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत ती बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला सगळं मैदान मोकळं, आणि पकडणारीला सगळे नियम.

मी दोन वर्षं त्या एकाच फाऊलमध्ये सापडत होते. खो मिळायच्या आधी उठायचं. सर ओरडायचे, "ऐकू आलं का तुला? मग का उठलीस?" मला वाटायचं, आता मलाच खो येणार, आणि मी उठलेली असायचे. आठवीच्या शेवटी केव्हातरी ते सुटलं. कसं सुटलं ते नीट सांगता येणार नाही. पाठीवर हात पडेपर्यंत एक बारीकसा वेळ असतो, त्यात काहीच करायचं नसतं, आणि ते काहीच न करणं शिकायला मला दोन वर्षं लागली. आता सहामाहीचा बीजगणिताचा पेपर परत बघितला तर माझे निम्मे गुण तिथंच गेलेत. गणित पुरतं वाचायच्या आधी मी उठलेली. 'खालीलपैकी असत्य विधान' विचारलंय आणि मी सत्य लिहून मोकळी. जादा तासानं ते जाईल का, मला शंका आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला बीजगणितात ४० पैकी ७ गुण. नाव सांगत नाही, त्याच्या वडिलांची सही कागदावर आहे. तो आमचा गुणलेखक. सामन्यात प्रत्येक पळणारी किती वेळ टिकली ते त्याला लिहावं लागतं. जिल्ह्याच्या सामन्यात आमची पहिली तुकडी अशी गेली: पहिली २ मिनिटं १० सेकंद, दुसरी १ मिनिट ४० सेकंद, तिसरी ५५ सेकंद. डाव नऊ मिनिटांचा. तिसरी बाद झाल्याची शिट्टी वाजली आणि हा कागदावरून मान वर न करता म्हणाला, "सव्वाचार उरले." मी संध्याकाळी घरी जाऊन मांडून बघितलं, बरोबर होतं. नववीत त्याला जोडाक्षरं लिहायला येत नव्हती. गुणपत्रकावर आमची नावं चुकवली की आम्ही सगळ्या मिळून त्याला घेरायचो, आणि पंच सही करायला नकार द्यायचे. यंदा एकही नाव चुकलं नाही. आता तो खेळाच्या तासाला, म्हणजे बीजगणिताच्या तासाला, शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून आठवीच्या मुलींची वेळ मोजतो.

हो, आम्ही जिल्ह्याला हरलो. दुसऱ्याच फेरीत. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल की पोरगी पदकाच्या गोष्टी करतीया. पदक नाही. क्रीडा सवलतीच्या गुणांसाठीही मी हे पत्र लिहीत नाही.

सभेत गणिताच्या आडून दुसराही एक विषय आला, तो कागदावर लिहिलेला नाही. एका काकूंनी विचारलं की मुलींनी हाफ पँट घालून रस्त्यावरून यायचं कशाला. दुसऱ्या म्हणाल्या, अंधार पडतो. माझी आई तिथं होती आणि अंधाराच्या मुद्द्यावर तिनं मान हलवली, हे तिनंच मला सांगितलं. आईचं मला पटतं. ऊस उभा असतो तेव्हा मळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भिंत उभी राहते, साडेसहाला तिथून एकटीनं येताना मीसुद्धा गाणं म्हणत येते. त्यावर उपाय साधा आहे: सराव साडेपाचला थांबवायचा आणि मळ्यातल्या पाच जणींनी एकत्र निघायचं. हाफ पँटला मात्र मला उपाय सुचत नाही. नऊवारी नेसून सूर मारता येत नाही.

आणि एक गोष्ट मला खरंच कळत नाही. पंधराव्या वर्षी ज्यांना मैदानावरून घरी बोलावतात, त्यांनाच एकोणिसाव्या वर्षी पहाटे पाचला उठवून कालव्याच्या रस्त्यावर कोण पळवतं? माझा चुलतभाऊ पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळतो, त्याची बहीण ८०० मीटर. चुलते मोटारसायकलवरून मागं, मोबाईलमध्ये वेळ लावून. दहावीत दोघांचंही मैदान बंद केलं होतं. आता चुलते म्हणतात, "ह्यांचा स्टॅमिनाच न्हाई."

आता मुलींमधल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूबद्दल. तिच्या आईवडिलांना मी हे पत्र पाठवू शकत नाही, कारण ते तुमच्या सभेला कधीच नव्हते.

सहावी, सातवी, आठवी, अशी तीन वर्षं ती दर दिवाळीनंतर यायची. बीडकडची ऊसतोडीची टोळी आमच्या वरच्या मळ्याच्या कडेला उतरायची, पाचटाच्या खोपी पडायच्या. तिच्याजवळ तिकडच्या शाळेचं हमी कार्ड असायचं, ते दाखवून ती आमच्या वर्गात बसायची आणि मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जायची. पहिल्या वर्षी आम्ही तिला खेळायला घेतलंच नाही. हे मला लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मग एकदा खांबावरची मुलगी तापानं आली नाही आणि सरांनी तिला उभं केलं. ती खांबापाशी जाताना वेग कमी करायची नाही. डाव्या हातानं खांब धरायची, सगळं अंग बाहेर झोकून द्यायची आणि उजव्या हाताची बोटं नेमकी पळतीच्या टाचेला. पळतीला कळायचंसुद्धा नाही की आपण बाद झालो. मी अजून ते जमवायला बघते. माझं ढोपर तेवढं फुटतं.

नववीत टोळी आली, ती आली नाही. मी तिच्या आईला विचारलं. त्या मोळी बांधत होत्या. म्हणाल्या, "तिचा कोयता लागला." एवढंच. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, तुम्हाला हे माहीतच आहे. मुकादम एका कोयत्यामागं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. ती कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत होती. आम्ही तेव्हा चौदा वर्षांच्या होतो.

त्याच हंगामात, १९ जानेवारी २०२५ ला, दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल झाली. आम्ही स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात दहा जणी एका स्क्रीनला चिकटून बघत होतो. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं. मुलांचा संघही जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. प्रियांका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, हे दुकानदार काकांनी सांगितलं. सगळ्या ओरडत होत्या. मी पण ओरडले. मग आमची कॅप्टन माझ्या कानात म्हणाली, "आपली खांबवाली बघत आसंल का गं?" मी काही बोलले नाही.

हे मी का सांगते? कारण आमच्या मराठीच्या पुस्तकात, कुमारभारतीत, नारायण सुर्वे यांची एक कविता आहे, हातांबद्दलची. कष्ट करणारे हात, जे सगळं काही आहेत आणि तरी गरिबीकडे गहाण पडलेत. ह्या कवितेचं रसग्रहण गाईडमध्ये तयार मिळतं. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलंय. परीक्षेत एक प्रकार असतो, 'स्वमत'. स्वमत म्हणजे स्वतःचं मत. आमच्या वर्गातल्या ४६ जणांचं स्वतःचं मत शब्दाला शब्द एकच आहे, आणि ते आम्हाला बाजारातून १८० रुपयांत मिळालं आहे.

मी ओसरीवर बसून ते घोकत होते. आजी शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, "ह्ये कवितेतलं हाय का पुस्तकवाल्याचं?" मी म्हटलं, पुस्तकवाल्याचं. "मग कविता वाच की." मी वाचली. आजीला अक्षर येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या येतात, त्यामुळं कुठं थांबायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. संपल्यावर ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली आणि मग म्हणाली, "हात गहाण पडत्यात, खरं हाय. उचल म्हंजी दुसरं काय असतं?"

मला तोपर्यंत ती खांबवाली त्या कवितेत दिसली नव्हती. तिचे हात दिसले नव्हते. सहामाहीला मी गाईडचंच लिहिलं, पूर्ण गुण मिळाले. आजीचं वाक्य लिहिलं असतं तर किती मिळाले असते ते माहीत नाही, म्हणून धाडस केलं नाही. इथं लिहिते, इथं गुण नाहीत.

शनिवारचा वाचनाचा तास तुम्ही बंद केलात, तर त्यात आम्ही काय करत होतो तेही सांगायला हवं. पुष्कळदा काही नाही. कपाटाची किल्ली क्लार्क भाऊसाहेबांकडं, आणि भाऊसाहेब शनिवारी तालुक्याला. पुस्तक हरवलं तर भरपाई ज्याच्या नावावर कपाट त्याच्या पगारातून, म्हणून कपाट कुणालाच उघडायला नको असतं. पण महिन्यातून एकदोनदा उघडायचं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं २०१९ च्या पुरात बुडालेली आहेत. मी तेव्हा चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. पाणी ओसरल्यावर ताईच्या वर्गानं ती पुस्तकं हायस्कूलच्या गच्चीवर उन्हात उलटी मांडली होती, दर दोन तासांनी पानं उलटायची. ती वाचली, पण पापडासारखी झाली. पान उलटलं की कुरकुर वाजतं आणि मधेच कृष्णेची बारीक वाळू निघते. त्या फळीवर अण्णाभाऊ साठे आहेत. त्यांचं वाटेगाव आमच्याच तालुक्यातलं. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, त्यांची कादंबरी वाचायला मला दीड महिना लागला, कारण पुस्तक घरी न्यायला परवानगी नव्हती, शनिवारीच वाचायची. १ ऑगस्टला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो, भाषणं करतो. माझं भाषण दुसरं आलं होतं. त्या दिवशीही कपाटाला कुलूप होतं.

घरात पुस्तकं नाहीत, पण म्हणून घरात काही लिहिलं जात नाही असं नाही. ऑक्टोबरमध्ये हंगामाआधी पप्पांनी ट्रॉली रंगवायला काढली. पेंटर पाठीमागं ओळ लिहून देतो, अक्षराप्रमाणं पैसे. पप्पा मला म्हणाले, "दर साली तेच ते 'आईचा आशीर्वाद'. तू एवढी वाचतीस, दे की एखादी ओळ." मी दोन दिवस विचार केला. पाच-सहा ओळी लिहून खोडल्या. मग दिली: 'सावकाश ये, आज्जी जागी हाय.' पप्पांनी ती बोटांवर मोजली. म्हणाले, "ये काढला तर चालतंय का?" मी म्हटलं, चालतंय, उलट बरं होतंय. मग पेंटर म्हणाला, जोडाक्षराचे दोन धरणार. पप्पा परत माझ्याकडं आले. "आज्जीतला एक ज काढू का?" त्यावर मी भांडले. आजी आणि आज्जी यांत फरक आहे, आमच्या घरात आजी कुणीच म्हणत नाही. शेवटी पप्पांनी जादाचे पैसे दिले. आता ती ओळ कारखान्याच्या रांगेत उभी असते, पिवळ्यावर लाल. मागच्या ट्रॅक्टरवाले हॉर्न मारून विचारतात, कुणी लिहिली म्हणून. पप्पा काय सांगतात ते मला माहीत नाही.

एका ज साठी पदरचे पैसे मोजणाऱ्या माणसानं त्या कागदावर सही केली, म्हणून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. रागाचं कारण एवढंच होतं.

आमचं मागणं सांगते. शुक्रवार तुम्हीच ठेवा, बीजगणिताला. बुधवारचा शेवटचा तास आणि शनिवारचा वाचनाचा तास आम्हाला परत द्या, जानेवारीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत. त्यानंतर आम्ही आपणहून थांबतो. सराव साडेपाचला संपेल. कपाटाची किल्ली मराठीच्या बाईंकडं असावी आणि पुस्तक हरवलं तर भरपाई आम्ही वर्गणी काढून देऊ, तसं २९ जणांनी लिहून दिलंय, कागद सोबत जोडला आहे. त्यात गुणलेखकाचीही सही आहे. आमच्या सह्या तुमच्याइतक्या वळणदार नाहीत, काहींनी तर पहिल्यांदाच केली.

पुढची पालकसभा शनिवारी अकराला आहे. वेळ असेल तर अर्धा तास आधी मैदानावर या, आम्ही एक डाव खेळून दाखवू. पावसानं जुन्या रेघा गेल्यात, पाट्या परत आखाव्या लागतील. फक्कीची काळजी नको. जुलैमध्ये पप्पांनीच न सांगता एक पोतं आणून टाकलं होतं. त्यातलं अर्धं अजून आमच्या ट्रॉलीखाली तसंच आहे.

तुमच्यातल्याच एकाची मुलगी,
दहावी 'ब'